संबळ, सिंथ आणि फॉर्म नंबर चौदा

२५ जुलै २०२५ ला, श्रावण लागला त्या शुक्रवारी, माझी चार गाण्यांची पहिली ईपी आली. गोंधळातलं संबळ-तुणतुणं आणि इलेक्ट्रॉनिक संगीत असं ते मिश्रण आहे. गाणी कशी झालीत ते ऐकणाऱ्यांनी ठरवावं, मी ती बाहेर कशी पडली तेवढं सांगते. काम सुरू केलं तेव्हा मी बरंच शोधलं होतं आणि मराठीत हाती लागला तो सगळा "स्वप्नं सोडू नका" छापाचा मजकूर. लोककलावंताशी करार कसा करायचा, त्यांचं नाव अर्जातल्या कुठल्या रकान्यात घालायचं, क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या टकटकीवर, न वाजवणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं, हे कोणी लिहून ठेवलेलं सापडलं नाही.

मी पुण्यात राहते, दिवसा नोकरी करते. आईच्या भजनी मंडळामुळे पेटी लहानपणीच हाताखाली आली. कॉलेजात एका मेटल बँडमध्ये बेस वाजवला, सगळ्यांना नोकऱ्या लागल्यावर तो बँड आपोआप विरला आणि मग लॅपटॉप, सिंथ (सिंथेसायझर), हेडफोन असा एकटीचा संसार सुरू झाला. "हे आपल्यात बसत नाही" हे दोन्हीकडून ऐकलंय. मेटलवाल्यांना पेटी चालत नाही, भजनी मंडळाला बेस. यावर माझं ठरलेलं उत्तर असायचं की जिला आपण आपली म्हणतो ती पेटी मुळात युरोपातून आली, आणि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेली बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. उत्तर चांगलं आहे, पण त्याने गाणं होत नाही.

पहिला विचार अभंगाचा होता. संतांचे शब्द सगळ्यांचे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही असं बहुतेक जण धरून चालतात. शब्दांपुरतं ते बरोबर आहे. पण आपल्या कानात अभंग बसलेला असतो तो विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराच्या चालीसकट. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालू राहतो, म्हणजे खळेकाकांच्या चाली २०७१ संपेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या आहेत. कव्हर म्हणून करायचं तर कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आहे. त्यात मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली लागतात, मालकाला आधी नोटीस द्यावी लागते आणि किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. पैशांचं एक वेळ बघता आलं असतं. पण त्याच कलमात असंही आहे की मुद्रणासाठी तांत्रिक गरज नसेल तर मालकाच्या संमतीशिवाय मूळ कृतीत बदल करायचा नाही. मला तर बदलच करायचा होता! दोन शैली एकत्र करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे कलम आधी वाचावं, बाकीचं नंतर.

म्हणून गोंधळाकडे वळले. तिथे चाली परंपरेने आलेल्या असतात आणि गाणारा त्या फिरवत असतो. शिवाय संबळ मला कायम आवडत आलंय. मावसभावाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला होता, तेव्हा आलेल्या संचाचा नंबर मावशीकडे होता. संचाचे मुख्य अण्णा, साठीच्या पुढचे, मराठवाड्यातले, कदमराई गोंधळी, म्हणजे तुळजाभवानीचे. २०२४ च्या गणपतीनंतर पहिला फोन केला. अण्णा म्हणाले, "आता नवरात्र. मग दिवाळी. तुळशीचं लगीन लागलं की आम्हाला श्वास न्हाई. पौषात ये, लेकी."

ही पहिली टीप म्हणून घ्या. गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज, कुणाबरोबरही काम करायचं असेल तर त्यांचं कॅलेंडर विचारा आणि आपलं त्यावर बसवा. पौषात लग्नं नसतात, म्हणून संच मोकळे असतात. तेव्हाचा पौष ३१ डिसेंबर २०२४ ला लागून २९ जानेवारीला संपत होता. स्टुडिओवाला मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वस्तात तारखा देत होता, त्या सोडाव्या लागल्या.

मधल्या काळात मी त्यांच्या गावी जाऊन आले. तिथे ठरलेल्या गोष्टी पुढच्या सगळ्या कागदांच्या मुळाशी आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. अण्णांची पहिली अट आवाहनाबद्दल होती. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडेराया अशा सगळ्यांना नाव घेऊन गोंधळाला बोलावतात तो भाग. "त्याच्यावर पोरं नाचतील असं काही लावायचं न्हाई. आख्यानात काय करायचं ते कर." दुसरी अट, जी त्यांच्या पुतण्याने मांडली, की गाणं उद्या कुठल्या जाहिरातीत गेलं तर आधी विचारायचं. दोन्ही अटी मला रास्त वाटल्या. गावातून एक आवाज उचलायचा, खाली बीट टाकायचा आणि श्रेयात "लोकगीत" एवढं लिहून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला पटत नाही. त्यात एका बाजूच्या माणसाकडे सगळे कागद असतात आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे त्या दिवसाचं मानधन.

करार मराठीतच केला, दीड पान. मुद्दे असे होते: मानधन वेगळं आणि हक्काचा वाटा वेगळा. मानधन दिलं म्हणजे वाटा फिटला असं नाही. दोन गाण्यांत शब्द अण्णांचे नवे होते, तिथे गीतकार तेच. या दोन्ही चाली त्यांच्या वडिलांकडून आल्या होत्या आणि त्यांनी स्वतः फिरवल्या होत्या, मी त्यावर बांधणी केली, म्हणून संगीतात आम्ही दोघं, निम्मे-निम्मे. उरलेली दोन गाणी "पारंपरिक", त्यात त्यांचा हक्क गायक-वादक म्हणून. जाहिरात, चित्रपट, रिमिक्स यासाठी दोघांचीही लेखी संमती. आवाहनाची अट शब्दशः. आणि हिशेब दर सहा महिन्यांनी, कागदावर.

अण्णा आधी हसले. "कागद कशाला? मी काय पळून चाललो का?"

"तुम्ही नाही हो अण्णा. उद्या मीच पळाले तर?"

पुतण्याने सगळा करार मोठ्याने वाचून दाखवला, एक वाक्य बदलायला लावलं, मग सह्या झाल्या. कराराला पूर्वी शंभराच्या मुद्रांकावर भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. नोटरी धरून हजाराच्या आत काम झालं. मसुदा वकील मैत्रिणीने फुकट तपासून दिला. अशी मैत्रीण नसेल तर तेवढ्यासाठी पैसे खर्च करा, मिक्सिंगमधून वाचवा हवं तर. आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी करा. गाणं ऐकून झाल्यावर प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसायला लागतो, त्यात मीही आले.

रेकॉर्डिंग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. स्टुडिओचा दर तासाला आठशे रुपये, दोन दिवस मिळून बारा हजार आठशे. अण्णांना पंधरा हजार, तुणतुणं आणि झांज वाजवणाऱ्या त्यांच्या साथीदाराला आठ, प्रवास आणि राहण्याचे साडेपाच.

संबळ म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन ढोल, एकाचा आवाज खालचा, एकाचा वरचा. वाजवायच्या काड्याही दोन, त्यातल्या एकीचं टोक वळवून गोल केलेलं. खालच्या तोंडावर पडणारा ठोका मागे लांब घुमारा सोडतो, आणि त्या घुमाऱ्याची उंची सगळी कातड्याच्या ताणावर अवलंबून. जानेवारीतल्या सकाळच्या गारव्यात कातडं उतरलेलं असायचं. गोंधळात दिवटीचा जाळ जवळ असतो, स्टुडिओत तो कोण पेटवू देणार? शेवटी व्हिडिओवाल्याकडून तीनशे रुपये भाड्याने हॅलोजन आणला आणि त्याच्या उबेला संबळ ठेवलं. अण्णा मधून मधून बोटाने टिचकी मारून बघायचे आणि मान हलवायचे, "अजून न्हाई." त्या "अजून न्हाई"चेही तासाला आठशे रुपये चालू असतात, तेव्हा वेळापत्रकात ऊब द्यायचा वेळ धरा.

माइक खालच्या तोंडाला डायनॅमिक, वरच्याला छोटा कंडेन्सर, आणि एक जोडी अण्णांच्या कानांच्या जरा वर. मिक्समध्ये सगळ्यात कामाला आली ती ही वरची जोडी. वादक दोन तोंडांचा तोल आपल्या कानाने सांभाळत असतो, त्यामुळे तो कानाजवळच नीट पकडला जातो.

मग क्लिक. इलेक्ट्रॉनिक संगीताची सगळी इमारत ठरलेल्या लयीवर उभी असते, आणि गोंधळाची मजा लय चढण्यात आहे. अण्णांनी हेडफोन लावला, थोडी आवर्तनं वाजवली आणि काढून ठेवला. "ह्याला चढणंच ठाऊक न्हाई. आपण वर निघालो की हे मागं ओढतंय." साउंड इंजिनिअर म्हणाला, तुकड्या-तुकड्याने घेऊ, मग सरळ करू. सॉफ्टवेअरमध्ये ते सहज होतं, प्रत्येक ठोका उचलून रेघेवर नेऊन ठेवायचा. पण मग मी शहरातल्याच एखाद्या सेशन वादकाला बोलावलं असतं की. मी क्लिक बंद करायला सांगितली. पहिलं गाणं मिनिटाला ९४ ठोक्यांच्या लयीला सुरू झालं आणि आख्यानाच्या टोकाला १२६ ला पोचलं. मध्ये कुठेही झटका नाही.

त्यामुळे सगळा फेब्रुवारी मी उलटं काम केलं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण करत गेले आणि लयीचा नकाशा तयार केला, म्हणजे यंत्राने माणसाच्या मागे चालायचं. कंटाळवाणं काम आहे, रात्री जेवणानंतर दोन तास, डोळे चुरचुरेपर्यंत. पण एकदा नकाशा झाला की सिंथचा बेस, आर्पेजिएटर (सूर ओळीने सुटे वाजवणारं यंत्र), हाय-हॅट, सगळं अण्णांबरोबर चढायला लागतं, आणि ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. एक सावधगिरी: लयीला जोडलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) अशा बदलत्या नकाशावर सूर लटपटवतो, कारण लय बदलली की डिलेची लांबी बदलते. डिले मिलिसेकंदात बांधून टाका.

सुराचंही तसंच. तुणतुण्याची तार काळी एकच्या जरा वर लागली होती, पांढरी दोनपर्यंत न पोचलेली. ती ओढून बरोबर स्वरावर आणता आली असती, पण अण्णांचा गळा त्या जागी बसलेला. मी सगळे सिंथ तीस सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग, त्यातले तीस) वर नेले. सिंथला काय, सांगाल तिथे जातो.

आवाहनाच्या गाण्यात बीट नाही, बेस नाही. तुणतुण्याचाच एक टणत्कार ताणून लांब केला आणि आवाजामागे हलका ठेवला. फोनवर पाठवलं, उत्तर दोन दिवसांनी आलं: "चालंल." ईपीतलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं सध्या तेच आहे, याचं मला जरा हसू येतं.

मिक्सिंगला मार्च आणि अर्धा एप्रिल गेला, गाण्याला नऊ हजार. मास्टरिंग गाण्याला अडीच हजार. मुख्य भांडण खालच्या पट्टीत होतं: संबळाचं खालचं तोंड नव्वद-शंभर हर्ट्झला घुमत होतं आणि माझा किकही (बीटमधला जाड ठोका) तिथेच येऊन बसलेला. किक पन्नासच्या आसपास खाली नेला, संबळाला जागा दिली, भांडण मिटलं. मास्टर फार मोठ्या आवाजाचा करून घेऊ नका. स्पॉटिफाय तसंही ऐकवताना साधारण उणे १४ लफ्सवर (आवाजाच्या पातळीचं माप) आणून ठेवतं, आणि दाबलेल्या मास्टरमध्ये संबळाचा ठोका आधी मरतो.

आता कॉपीराइटची नोंदणी. ती सक्तीची नाही, कृती तयार झाली की हक्क आपोआप असतो. पण नोंद असली की वादात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि आमच्या गाण्यात "हे तर पारंपरिकच आहे" म्हणून कुणीही उचलण्याचा धोका होता. मेमध्ये अर्ज केले. ऑनलाइन खातं उघडायचं, फॉर्म नंबर चौदा, त्याबरोबर तपशिलाची दोन निवेदनं. शब्द आणि संगीत कायद्याने वेगळ्या कृती, त्यामुळे एका गाण्याचे दोन अर्ज, प्रत्येकी पाचशे रुपये. ध्वनिमुद्रणाची फी मात्र एका कृतीला दोन हजार. आम्ही अण्णांचे नवे शब्द असलेल्या दोन गाण्यांचेच अर्ज केले, एकूण दोन हजार रुपये, मुद्रणाची नोंदणी पुढे बघू म्हणून ठेवली.

संगीताच्या अर्जाला स्वरलेखन जोडलं. भातखंडे पद्धतीने लिहिलं, संबळाचे बोल खाली. यात एक शनिवार-रविवार गेला, कारण अण्णा एक ओळ दोनदा सारखी गात नाहीत. कुठली ओळ प्रमाण धरायची ते त्यांनाच विचारलं. सहलेखक म्हणून त्यांचं सहीचं ना-हरकतपत्र जोडलं. आणि अर्जात स्पष्ट लिहिलं की परंपरेने आलेल्या भागावर आमचा दावा नाही, नवे शब्द आणि नवी बांधणी एवढ्यावरच आहे. गाणी तेव्हा प्रकाशित झाली नव्हती, त्यामुळे पहिल्या प्रकाशनाचे रकाने भरावे लागले नाहीत. नोंदणी करायचीच असेल तर प्रकाशनाआधी करण्याचा हा एक फायदा. पैसे भरले की लगेच डायरी नंबर मिळतो. त्यानंतर कुणाची हरकत येते का यासाठी तीस दिवस थांबणं नियमातच आहे, मग छाननी. ऑगस्टमध्ये पारंपरिक भागाबद्दल एक खुलासा मागवला, तो करार जोडून दिला. नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्रं आली. प्रकाशनासाठी प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नसते.

जूनमध्ये वितरकाच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर गाणी चढवली. वर्षाला एकोणीसशे रुपये. वेव्ह फाइल, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं मुखपृष्ठ (चित्रकाराला सहा हजार), त्यावर फोन नंबर किंवा कुठलाही लोगो नको. प्रत्येक मुद्रणाला बारा खुणांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तर तोच क्रमांक वापरावा लागतो, नाहीतर ऐकण्याचे आकडे शून्यापासून सुरू.

आणि मग शैलीचा रकाना. मुख्य शैली एकच निवडा! मी "डिव्होशनल" आणि "इलेक्ट्रॉनिक" यांच्यात संध्याकाळभर घोटाळत राहिले. भक्तिसंगीत म्हणावं तर सकाळी आरत्या लावणाऱ्याच्या घरात अचानक सिंथ बेस धडधडणार, आणि इलेक्ट्रॉनिक म्हणावं तर अण्णा कुठे गेले? शेवटी मुख्य शैली इलेक्ट्रॉनिक, दुय्यम भारतीय लोकसंगीताच्या जवळची जी होती ती. कारण व्यवहारी आहे: हे रकाने गाणं कुठल्या गाण्यांच्या शेजारी वाजवलं जाईल ते ठरवतात, आणि इलेक्ट्रॉनिक ऐकणारा माणूस संबळ ऐकून गाणं बदलत नाही. उलट बाजूने तशी खात्री नव्हती.

कलाकाराच्या रकान्यात अण्णांसाठी "फीचर्ड" (पाहुणा कलाकार) न निवडता दोघांची नावं मुख्य कलाकार म्हणून घातली. पहिल्यांदा अर्ज परत आला, गाण्याचं नाव देवनागरीत आणि कलाकाराचं रोमनमध्ये अशी सरमिसळ त्यांना चालत नव्हती. सगळं देवनागरी केलं, पुन्हा आठवडा. मग कळलं की अण्णांच्या नावाचा दुसरा एक गायक आहे आणि एका ठिकाणी आमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसलीत. ते ईमेलने सुटलं. यासाठी तारीख निदान चार आठवडे पुढची धरा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी द्यावं लागतं. त्या अर्जात मात्र शैली एकाहून जास्त निवडता येतात आणि पाचशे अक्षरांत गाण्याबद्दल लिहिता येतं. मी संबळ काय असतं तेच लिहिलं. निवड झाली नाही.

आषाढी ६ जुलैला होती. त्या सुमारास विठ्ठलाची इतकी गाणी येतात की आमचं कुणाला दिसलंच नसतं, म्हणून २५ तारीख. त्या दिवशी मी नोकरीवर होते, अण्णा शेतावर. संध्याकाळी पुतण्याने त्यांना ऐकवलं. पहिल्या आठवड्यात ओळखीच्यांनी ऐकलं, मग जरा थंड, मग सप्टेंबरात नवरात्राच्या तोंडावर आवाहनाचं गाणं कुणीतरी व्हिडिओला लावलं आणि आकडे हलले. प्रतिक्रिया दोन्ही टोकांच्या आल्या. एका बाईंनी "देवीचं गाणं असं करू नये" म्हणून लांब संदेश पाठवला. मी तो अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, त्यांना आवाहन ऐकवा.

प्रकाशनानंतरचं काम म्हणजे आयपीआरएस. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची ही संस्था १९६९ पासून आहे, मुंबईत. रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम, स्ट्रीमिंग इथून गीत-संगीताच्या वापराची रॉयल्टी गोळा होते ती यांच्यामार्फत. वितरक देतो ते मुद्रणाचे पैसे, हे गीत-संगीताचे. दोन वेगळे नळ आहेत आणि नवीन कलाकार बहुधा एकाखालीच बादली लावून बसतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा करारानेही सोडून देता येत नाही (वारस किंवा अशा संस्थेकडे देणं वेगळं), तेव्हा कुणी "सगळे हक्क आमचे" असा कागद पुढे केला तर हे माहीत असू द्या. मी ऑगस्टमध्ये अर्ज केला: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, प्रकाशित गाण्याची लिंक. सदस्यत्व मिळाल्यावर प्रत्येक गाणं वाट्यांसह कळवावं लागतं, तेव्हा करारातले आकडे जसेच्या तसे उतरवले. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसाम्रा (आधीची इस्रा) नावाची वेगळी संस्था आहे, ते अजून करायचंय.

वितरक अमेरिकेतला असेल तर डब्ल्यू-८ बीईएन हा तिकडच्या कराचा फॉर्म भरायला विसरू नका. भरला तर भारत-अमेरिका कर करारानुसार तिकडच्या रॉयल्टीवर १५ टक्के कर कापतात, नाही भरला तर ३०.

एकूण खर्च अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास, सगळा माझ्या पगारातून, सुमारे वर्षभरात. उत्पन्न? वितरकाचा पहिला हिशेब ऑक्टोबरच्या शेवटी आला: तेराशे बारा रुपये. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याचे पैसे मोजले जात नाहीत, आमची दोन गाणी ती रेघ ओलांडून गेली. अण्णांच्या वाट्याचे पुतण्याच्या खात्यावर पाठवले. लगेच अण्णांचा फोन आला, हे कशाचे? सांगितल्यावर ते थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मी झोपलेलो असताना बी कुणी ऐकलं तर येणार?" मग हिशेबाचा कागद छापून पाठवायला सांगितला. पाठवला.

अण्णांचा आयपीआरएसचा अर्ज मात्र अडलाय. आधारवर त्यांचं आडनाव एक आहे आणि पॅनवर "गोंधळी". आधी पॅनची दुरुस्ती करायची, त्याची फी १०७ रुपये, पण जोडायला जुना पुरावा लागतो आणि शाळेचा दाखला काही सापडत नाहीये. पुतण्या राजपत्रात नाव छापून घेण्याच्या खटपटीत आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा पौष लागतोय, तोवर हे होईल असं दिसत नाही. स्टुडिओच्या तारखा मात्र मी घेऊन ठेवल्यात, आणि हॅलोजन या वेळी विकतच घेतला.